गैरहजर सभासदाची रजा

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर पहिल्यांदा चिडले. खरं तर स्वतःवर चिडायला हवं, पण तुम्ही उलट बोलणार नाही, म्हणून तुमच्यावर. काकूंनी तुमच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं मला इकडे परदेशात, वुडलँड्सला पाठवली आहेत. फोनवर म्हणाल्या, "तूच तपास गं, यांची विद्यार्थिनी तू."

दीडशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका राज्याची विधानसभा. गुलामगिरीतून सुटून पहिल्यांदाच निवडून आलेले न्हावी, चांभार, धर्मोपदेशक. पुण्यात बसून तुम्ही त्यांच्यावर आयुष्य काढलंत, लोक हसले तरी. शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायचात. "आपला न्हावी काय बोललाय बघ!" एका सुतारावर मात्र तुमचा राग. मुलांच्या सरकारी शाळांचं विधेयक एक मत कमी पडून बारगळलं, त्या दिवशी हा सभागृहात नव्हता. तुम्ही लिहिलंत, 'धमक्यांना भिऊन तो घरी बसला.' ती ओळ तुम्ही मला स्वयंपाकघरात वाचून दाखवता आहात, काकू पोहे परतताहेत. मी चाचरत विचारते, "दुसरं काही कारण असेल तर, सर?" तुम्ही खेकसता, "असतं तर कामकाजात नोंद असती. पान न् पान तूच उतरवून आणलंस ना?" मी मान खाली घालून चहा पिते. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मुंबईच्या ग्रंथालयात त्या कामकाजाची मायक्रोफिल्म दोनच दिवस मिळाली होती, आणि सगळं हाताने उतरवायचं. दुसऱ्या दुपारी मैत्रिणी सिनेमाची तिकिटं काढून बाहेर खोळंबल्या होत्या. रोजचं कामकाज रजेच्या अर्जांनी सुरू व्हायचं, अमक्याला दोन दिवस, तमक्याला आठ. रजा कसल्या उतरवायच्या, म्हणून शेवटच्या आठवड्यातल्या सगळ्या मी गाळल्या.

आता ते कामकाज इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. रविवारी दुपारी मुद्रितं बाजूला सारून मी नेमकी तीच पानं उघडली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पाच मिनिटांत सापडलं. मतदानाच्या आदल्या सकाळी सुताराला चार दिवसांची रजा मंजूर, बायको बाळंतपणात अत्यवस्थ. मी रडत बसले. लेक हॉकर सेंटरमधून जेवण घेऊन आली, तिला सगळं सांगितलं. इथल्या इंग्रजीत म्हणाली, "सो जस्ट टेल देम लाह. वन लाइन ओन्ली, व्हॉट." एकच ओळ, खरंय. त्या ओळीने एक माणूस इतकी वर्षं भित्रा ठरला, आणि तुम्ही त्याच्यावर राग धरूनच गेलात. याची मला फार लाज वाटते.

ओळ बदलली, सर. सुतार आता बायकोपाशी आहे, रजेची नोंद तळटिपेत दिली आहे. काल काकूंना पाठवलं तर लगेच फोन आला. आवाज पडलेला होता. "इतकं साधं यांच्या नजरेतून सुटलं कसं गं?"

मी म्हटलं, "तेव्हा फिल्म फार पुसट होती, काकू."

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून सांगते. फिल्म पुसट नव्हती. अक्षर न् अक्षर लागत होतं.