गर्ट्रूडबाईंचं नाव

मिसिसागा
१२ नोव्हेंबर २००९

प्रिय शेली,

सकाळपासून तीनदा फोन उचलला आणि ठेवला. फोनवर तू ‘मॉम, रिलॅक्स’ म्हणशील आणि मी गप्प बसेन, म्हणून पत्र. हात स्वस्थ बसत नाहीत. बेसमेंटमधले सगळे डबे खाली काढून ठेवलेत आणि आता कुठला कुठे होता ते आठवत नाही. विनिपेगला बर्फ पडला का? जोनाहला गाडीचे विंटर टायर्स बदलायला सांग. आठव्या महिन्यात घसरलीस तर मी इथून काय करणार?

गर्ट्रूडबाईंबद्दल लिहायचंय. थांब, पत्र मिटू नकोस. तू नऊ वर्षांची असताना आपण इथे आलो, तेव्हा त्या आधीच टोरांटोला भावाकडे आलेल्या होत्या. मी दर रविवारी जायची. तू बरोबर असलीस की त्या आपली खुर्ची मागे घ्यायच्या. कधी तुला जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. म्हातारी खडूस आहे म्हणून तू यायचंच बंद केलंस. मला सगळं ठाऊक होतं, तरी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. चूक माझी होती ना.

भायखळ्याला मी शाळेत असताना त्यांनीच माझ्या हातात पटाशी दिली. बर्लिनहून जीव वाचवून आलेली बाई, लाकडाच्या फळीवर चित्रं कोरायची आणि छापायची. कोळणी, भिश्ती, आपल्या सिनेगॉगच्या पायऱ्या. नावाचा अर्थ विचारला तर सांगायच्या, जुन्या जर्मनमध्ये गेर म्हणजे भाला, ट्रूड म्हणजे बळ. मग पटाशी उंच धरून हसायच्या, माझ्या वाट्याला भाला एवढाच आला म्हणून. माझा त्यांच्यावर आईपेक्षा जास्त जीव होता. आईला ते कळायचं आणि ती धुसफुसायची.

तुझ्या बारशाला मी कुणालाही न विचारता पाळण्यात तुझं नाव गर्ट्रूड ठेवलं. आमच्या घरात हयात आजीचं नाव नातीला ठेवायचे, मान असायचा तो. मला वाटलं, बाई खूश होतील. त्यांच्या हातून मलिद्याची बशीच पडली. त्यांच्याकडे, युरोपातल्या ज्यूंमध्ये, बाळाला नाव देतात ते गेलेल्या माणसाचं, जिवंत माणसाचं कधी देत नाहीत. मृत्यूचा दूत नाव विचारत येतो आणि चुकून लहानाला उचलतो, म्हणे. दुसऱ्या दिवसापासून मी तुला शेली म्हणू लागले, पण बाई म्हणाल्या, एकदा हाक मारली ती मारली. तू आणि त्या त्याला एका जागी दिसायला नकोत, म्हणून त्या जन्मभर लांब राहिल्या. राग नव्हता गं तो. तुझ्या जिवाची भीती होती. तुझ्या शाळेचा प्रत्येक फोटो मात्र माझ्याकडून मागून घ्यायच्या.

गेल्या रविवारी हॉस्पिटलात त्यांनी विचारलं, शेलीला मुलगीच ना, अजून किती आठवडे? मी म्हटलं, पाच. बोटांवर मोजून म्हणाल्या, मग मला घाई करायला हवी. मला वाटलं, औषधाची गुंगी. काल सकाळी गेल्या, ब्याण्णवाव्या वर्षी. तुम्ही दोघांनी जास्मिन ठरवलंय, तेच ठेवा, मी एक शब्द बोलणार नाही. पण ते दुसरं नाव आता मोकळं आहे, आणि बाईंनी ते वेळेत मोकळं करून दिलंय.

डबे अजून खालीच ठेवून बसलेली,
तुझीच
आई