कपाळावरचा चष्मा आणि माझा डावा हात

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगांनी. त्यातला डावा हात पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि अजून मनासारखा वळत नाही, तेव्हा बाकीचं सगळं पुरतं आणि डावा हात जमेल तेवढा, असं धरून घ्या.) दादाचे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना तो अजून मध्येच थांबतो का, आणि आपण दमलो नसून काहीतरी आठवतोय असा चेहरा करतो का? तुमच्या पाठीचं विचारत नाही. तुम्ही 'बरी आहे' म्हणणार आणि मला ते खरं मानावं लागणार.

'प्लॅस्टर' वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. फोनवर मी तुम्हाला जिन्यावरून घसरलो, जरासं मुरगळलं, एवढंच सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, कितव्या पायरीवरून? मी म्हणालो तिसऱ्या. दहा मिनिटं दादाच्या औषधांबद्दल बोलून तुम्ही पुन्हा सहज विचारलंत, तेव्हा मी पाचवी सांगितली. त्यावर तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात. आई गेल्यानंतर वर्षभरात तुम्ही या घरात आलात तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि तुमचं हे 'बरं' तेव्हापासून ओळखतो. ते ऐकलं की मला रात्री जेवण जात नाही. म्हणून हे पत्र. पत्रात कोणी मध्येच 'बरं' म्हणत नाही.

तर मी सायकलवरून पडलो. पडलो म्हणण्यापेक्षा पाडला गेलो. एकतीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासतोय, आणि एकतीस वर्षं तिथे सायकलनंच जातोय. अंतर चार किलोमीटर. पूर्वी या चार किलोमीटरमध्ये मला संध्याकाळच्या भाजीपासून जगातल्या सगळ्या अडचणींपर्यंत विचार करायला वेळ मिळायचा. आता विचार एकच असतो, तो म्हणजे मागून येतंय ते काय आहे. बसवाल्यांचं तर मी नावच काढत नाही. बस माझ्या शेजारून जाताना मी श्वास आत ओढून बारीक होतो (या वयात पोट आत घेण्याचा एवढा व्यायाम दुसरीकडे कुठे होणार), आणि ती गेल्यावर धुरातून पुन्हा माणूस म्हणून बाहेर येतो. काही जण हॉर्न वाजवतात आणि माझ्या अंगावरून जाईपर्यंत बोट उचलत नाहीत. काही जण मुळीच वाजवत नाहीत, ते जास्त वाईट. उभ्या गाडीचं दार फाडकन उघडणारे वेगळेच. त्यांच्यामुळे मी बंद दारांकडे असा बघत जातो की एकदा एका बाईंनी काच खाली करून मला काय पाहिजे म्हणून विचारलं. मध्यंतरी नगरपालिकेनं आमच्यासाठी पिवळा पट्टा आखला आणि त्यावर सायकलचं चित्र काढलं. त्या चित्रावरून इतक्या गाड्या गेल्या की आता एकच चाक उरलंय. ते बघून जे समजायचं ते मी समजलो होतो.

या सगळ्यांचं म्हणणं मात्र एकच असतं, 'दिसलाच नाहीत हो.' वहिनी, मी पाच फूट नऊ इंच आहे, माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट असतं आणि हिने माझ्या पिशवीला लाल चमकती पट्टी शिवून दिली आहे. दिवसभर मी लोकांना दिसावं म्हणून डोळ्यात पाणी येईपर्यंत भिंगं घासतो आणि संध्याकाळी त्याच लोकांना मी दिसत नाही.

त्या दिवशी सव्वासहाला दुकानातून निघालो. पेट्रोल पंपानंतरचं वळण आहे तिथे एक करडी गाडी मला झपकन ओलांडून पुढे गेली आणि पुढे जाऊन लगेच माझ्याच बाजूला वळली. म्हणजे मला मागे टाकायची घाई होती आणि मग माझ्याच समोर यायचीही घाई होती. मी ब्रेक दाबले. सायकल थांबली, मी थांबलो नाही. डाव्या हातावर पडलो आणि आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. (हा आवाज सांगणार नव्हतो. पण खरं सांगायचं ठरवलंय तर आता काय.) दुखलं असं लगेच वाटलं नाही. पहिला विचार आला तो हिचा, दुसरा पिशवीतल्या डब्याचा, आणि तिसरा येण्याआधी गाडीवाले गृहस्थ माझ्यावर वाकले. चेहरा ओळखण्याआधी मी फ्रेम ओळखली. तपकिरी, जाड काड्यांची, डाव्या डोळ्याला तिरका नंबर. तीन महिन्यांपूर्वी मीच केलेला चष्मा. आणि तो होता त्यांच्या कपाळावर.

मी रस्त्यावर आडवा पडलेला, आणि मी त्यांना म्हणालो, "आधी तो डोळ्यांवर घ्या."

बघणाऱ्यांना वाटलं मार डोक्याला लागलाय. त्यामुळे इस्पितळात हात राहिला बाजूला, आधी माझ्या डोक्याचे फोटो निघाले. डोकं ठीक आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. (तो कागद मी जपून ठेवला आहे. दादाला दाखवायचा आहे.)

खरी गोष्ट अशी की मला घासून घासून एक गोष्ट पक्की कळते. या गृहस्थांना लांबचं दिसायला चष्मा लागतो आणि जवळचं वाचायला तोच वर सरकवावा लागतो. म्हणजे चष्मा कपाळावर असेल तर माणूस काहीतरी जवळचं वाचतोय. गाडी चालवताना माणूस जवळचं काय वाचणार? मी पोलिसांना हे सगळं समजावून सांगितलं, अगदी भिंगाची जाडी वगैरे. ते बिचारे लिहिता लिहिता थकले. पण गृहस्थ तिथेच उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, हो, मोबाइलवर निरोप वाचत होतो, फक्त दोन शब्दांचा होता. ते मात्र पोलिसांनी एका ओळीत लिहून घेतलं.

तरी तीन दिवस मला एक किडा चावत होता. नंबर माझाच चुकला असेल तर? आपल्याच हातानं आपल्याला पाडलं असेल तर? शेवटी आमच्या काउंटरवरच्या बाई त्या गृहस्थांकडून चष्मा मागून घेऊन दुकानात गेल्या, यंत्रावर लावून बघितला आणि फोन केला की नंबर तंतोतंत बरोबर आहे. तुम्हाला हसू येईल, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा झोप लागली.

आता हिचं सांगतो. तुम्हाला माहीत आहे, ही शाळेत भूगोल शिकवते आणि कुठलीही गोष्ट कागदावर उतरल्याशिवाय तिला ती घडल्यासारखी वाटत नाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेची मोजपट्टी घेऊन त्या वळणावर गेली आणि सगळं मोजून आली. (त्या दुपारी तिथून एकही गाडी जोरात गेली नाही, कारण रस्त्याच्या मधोमध ही वाकून उभी होती.) मग तिनं नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, सूचीमध्ये गाडी, सायकल आणि 'पती'. पोलिसांनी तो कागदपत्रांना जोडला. गाडीवाले गृहस्थ घरांचे आराखडे काढणारे आर्किटेक्ट निघाले. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि स्वतःहून सांगितलं, की गाडी इथे दाखवली आहे त्याहून हातभर आतच आली होती. म्हणजे दोष त्यांचाच आणखी हातभर वाढला. हिने रबर काढून गाडी सरकवली. त्या दिवसापासून मला त्या माणसाचा नीट राग येईनासा झाला आणि ते मला फार गैरसोयीचं झालं आहे.

ते रोज भेटायला यायचे. चालत यायचे, गाडीला हात लावत नाहीत म्हणाले. खुर्चीवर बसून सारखी माफी मागायचे, आणि मी 'असू द्या, असू द्या' म्हणायचो, कारण दुसरं काय म्हणायचं मला सुचायचं नाही. चौथ्या दिवशी ही त्यांच्यासमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही. वर्गात बोलते तशीच बोलली.

"हे रोज सहा चाळीसला घरी येतात," ती म्हणाली. "त्या दिवशी सात वाजले. तुमचा फोन आला तेव्हा सात वाजले होते. ती वीस मिनिटं मी दारात उभी होते. तुमचा निरोप दोन शब्दांचा होता ना? ही वीस मिनिटं त्याच्याबरोबर लक्षात ठेवा. एवढंच. आता चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला. मी भिंतीकडे बघत होतो. वहिनी, तीस वर्षांच्या संसारात मला हे कोणी सांगितलं नव्हतं, की सहा एकेचाळीसला ही दारात येते.

तर मुद्दा असा. या प्रकारानंतर हिने माझ्या सायकलवर बंदी घातली आहे. सायकल बोळात उभी आहे आणि मी तिच्याकडे बघत येतो-जातो. हिच्या काळजीपुढे माझं काही चालत नाही. पण तुमचा शब्द ती मोडत नाही. तेव्हा तुम्ही तिला दोन ओळी लिहा, की भाऊजींना चालवू दे, सवयीचा माणूस आहे, सांभाळून चालवेल. तुमच्या अक्षरात आलं की ती ऐकेल.

दादाला नमस्कार. त्याला सगळं एकदम वाचून दाखवू नका, डोक्याच्या फोटोपासून सुरुवात करा.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितोय. हिने बंदी वगैरे काही घातलेली नाही. मी सगळ्यांना तसं सांगतो म्हणून तुम्हालाही लिहून गेलो. उलट हिनेच सायकल दुरुस्त करून आणली, वाकलेलं चाक बदललं, पुढे-मागे दिवे लावले, आणि प्लॅस्टर निघालं त्या दिवशी किल्ली माझ्या बशीजवळ ठेवली. पण मलाच सायकलवर बसवत नाही. मी रोज सकाळी सायकल बोळातून बाहेर काढतो, ही खिडकीतून बघते, मी ऐटीत कोपऱ्यापर्यंत हातात धरून नेतो (गल्ली अरुंद आहे, असं सांगितलंय), आणि कोपरा वळल्यावर पुढचे चार किलोमीटर तिच्या शेजारून चालत जातो. संध्याकाळी तसाच परत. पायडलवर पाय ठेवला की मागून काहीतरी येतंय असं वाटतं आणि पाय पुन्हा जमिनीवर येतो. हल्ली मला घरी यायला साडेसात होतात. काम वाढलंय म्हणून सांगितलंय. ती मान हलवून डबा घेते. पण दारात कधीपासून उभी असते ते आता मला माहीत आहे, आणि ते सहन होत नाही. तेव्हा आधी मागितलेलं पत्र नको. मलाच पत्र लिहा, की भाऊजी, आता सायकल पुरे, माझी शपथ आहे. म्हणजे मी तुमच्यासाठी सोडली असं होईल. भ्यायलो म्हणून सोडली असं होणार नाही. हे फक्त तुम्हालाच मागू शकतो.

ता. क. दुसरी : पत्र टाकायचं राहिलं, दोन दिवस खिशातच होतं. आज सुट्टी. सकाळी मी सायकल पुसायला बोळात गेलो तर ही चालायचे बूट घालून तयार. माझ्याबरोबर निघाली. कोपरा वळलो तरी मी चालतच होतो, आणि तीही चालत राहिली. सायकलच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. पाण्याच्या टाकीमागे बंद पडलेल्या गोदामाचा सरळ रस्ता आहे, तिथे सुट्टीला कोणी नसतं. तिथे ती थांबली आणि म्हणाली, "मी मागे बसते. मग तुम्ही पडणार नाही." मी म्हणालो, वजन वाढलं की पडायची शक्यता वाढते. ती म्हणाली, "माझं वजन नाही मोजायचं. मी मागे असताना तुम्ही पडाल का, ते सांगा." मी सायकल सरळ धरली. चोपन्न वर्षांची बाई कॅरिअरवर बसली, माझ्या शर्टाला मागून धरलं, आणि मी पायडल मारलं. नागमोडी गेलो. पण विजेचे दहा खांब गेलो, वहिनी. मागून काही येत होतं का ते बघायचं लक्षातच राहिलं नाही, कारण मागे ही होती. तेव्हा शपथेचंही पत्र नको. काहीच नको. नुसतं 'बरं' एवढं लिहून पाठवा.

वहिनी, सा. न. पत्र टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणजे वाचायलाच दिलं असं मी समजले. हात बरा आहे. रोज चालत जातात ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पायडलवरची धूळ तशीच होती आणि बुटांना नवी लागली होती. शपथेचं पत्र खरंच पाठवू नका, पाठवलंत तर ते पाळतील. आणि विजेचे खांब दहा नव्हते, सहा होते. तेही नक्की सांगता येत नाही. पहिल्या खांबापासूनच मी डोळे घट्ट मिटून बसले होते.