हिरवं म्हणजे जावा

आचरा,
गुरुवार

प्रिय दादा,

कागदावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत, निदान मी हे लिहितेय तोवर तरी. अंगठ्याने टाइप करायची इतकी सवय झालीय की पेन धरून बोटं दुखायला लागली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. शेजारची संचिता संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघालीय. पत्र तुझ्या हातात द्यायचं आणि तू पूर्ण वाचेपर्यंत दारातून हलायचं नाही, असं तिला बजावलंय. तिला चहा तरी पाज.

फोनवर प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे दाराच्या फटीतून घर झाडणं, असं तू मला चिडवायचास. खोटं नव्हतं ते. अर्धा स्क्रीन कीबोर्डच खातो, उरलेल्यात जेमतेम चार-सहा ओळी दिसतात, साधा महिरपी कंस शोधायला कीबोर्डची पानं उलटावी लागतात, आणि सगळं जुळत आलं की नेमका कुणाचा तरी फोन येतो. तरी मागच्या पडवीत बसून मी शिकलेच. आई वैतागायची, "ह्या चेडवाचा लगीन आता त्या फोनावांगडाच लावक व्हया." पण मी केलेलं पहिलं काम अप्पांनी बंदरावर सगळ्यांना दाखवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त तीच मिरवत होती.

ते काम तुला माहीत आहेच. हवामानाची सूचना येते ती सरकारी मराठीत, लांबलचक, आणि रोजचीच. वाचून वाचून माणसं कंटाळलेली. म्हणून मी एक छोटं पान केलं. सूचनेतला वाऱ्याचा आकडा चौकटीत घालायचा, बटण दाबायचं. वारा चाळिसाच्या वर असेल तर तांबडं, 'रवा', घरीच थांबा. नाहीतर हिरवं, 'जावा'. बस, एवढंच. अप्पांच्या फोनवर मराठी कीबोर्डसुद्धा मीच लावून दिला, आणि स्वतःवर खूश झाले.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी वाऱ्याची सूचना होती. बाकीचे थांबले, पण अप्पा आणि धोंडूकाका फोनवर हिरवं बघून गेले. मी घरी निर्धास्त होते, कारण हिरवं मीच शिकवलेलं होतं. दुपारी दोघे आले ते होडीभर बांगडे घेऊन. वारा दिवसभर आलाच नाही. इतर होड्या किनाऱ्यावर, त्यामुळे भाव असा मिळाला की धोंडूकाकांनी मला नवीन चपला आणल्या. सगळ्या वाडीने ते पान अप्पांकडून मागून घेतलं. ह्या फोनवरून त्या फोनवर, मिठबावपर्यंत गेलं म्हणतात.

संध्याकाळी मी कौतुकाने अप्पांचा फोन हातात घेतला. चौकटीत सकाळचा आकडा तसाच होता. ५०. आणि त्याच्याखाली हिरवं.

दादा, आधी वाटलं, अप्पांनी काहीतरी भलतंच दाबलं. मग माझ्या फोनवर पन्नास घालून बघितलं, तर तांबडं आलं. परत अप्पांच्या फोनवर, परत हिरवं. तेव्हा कळलं. माझा कीबोर्ड इंग्रजी, कारण प्रोग्रॅम इंग्रजीत लिहायचा. अप्पांचा मराठी. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमला इंग्रजी आकडेच कळतात. मराठी ५० त्याच्या लेखी आकडाच नाही, नुसती अक्षरं. 'हे चाळिसापेक्षा जास्त आहे का?' म्हणून विचारलं की तो 'नाही' म्हणतो, आणि जास्त नाही म्हणजे हिरवं. मी शंभर घालून बघितलं. १००. हिरवंच. आपल्या बंदरावर मराठीत आकडा घालणाऱ्या कुणालाही त्या पानाने कधी थांब म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही.

चूक सुधारायला वेळ लागला नाही. सुधारलेलं पान सगळ्यांना पाठवलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला. केवढी मूर्ख मी! नव्या पानाने दुसऱ्याच दिवशी तांबडं दाखवलं, तिसऱ्या दिवशीही दाखवलं, आणि वारा काही आला नाही. झालं. लोकांनी नवं पान काढून टाकलं आणि परत जुनंच वापरायला लागले. दारोदार फिरून समजावलं तर धोंडूकाका हसत म्हणाले, "तुझा नवा नको गो बाय, ता रोज रवा म्हणता. पयला होता ताच बरा होता." मी म्हटलं, पहिलं चुकीचं होतं. तर म्हणे, "चुकीचा आसता तर बांगडो खंयसून गावलो असतो?"

अप्पा तर माझ्यावर रागावलेच. चांगलं चाललेलं मी बोटं घालून बिघडवलं, असं त्यांचं म्हणणं. माझा फोन त्यांनी कपाटात ठेवलाय, पुन्हा काही उलटसुलट करू नये म्हणून. फोन गेल्याचं दुःख आहेच, माझं शिकणं त्यातच आहे. पण त्याहून जास्त एक गोष्ट मला खायला उठते. पूर्वी अप्पा उठल्या उठल्या अंगणात येऊन आभाळ बघायचे, वारा कुठून येतो ते बघायचे, आणि कधी कधी परत आत जाऊन झोपायचे. आता ते अंथरुणातच बटण दाबतात. अंगणात येतात ते थेट चप्पल घालायला. मला भीती वाटते रे. जेवताना वाटते, आंघोळ करताना वाटते. माडांची झावळं जरा सळसळली की मी हातातलं काम टाकून बाहेर येते.

संचिताच्या फोनवरून मी तुला दोनदा फोन केला. तू मीटिंगमध्ये होतास. "बग असतोच गं, फिक्स कर आणि पुढे जा," म्हणालास. मी फिक्स केलाय दादा. माणसं पुढे जात नाहीत. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही.

शनिवारपासून वारा वाढणार, अशी सूचना आलीय. ह्या वेळी आभाळही तसंच दिसतंय, आणि शनिवारी पहाटे सगळ्या होड्या जायच्या ठरल्यात. मी सांगितलं तर म्हणतात, "सुशांतान बघून सांगल्यान हा, मगे तू कोण?" बंदराच्या ग्रुपवर तू लिहिलं होतंस ते सगळ्यांना पाठ आहे: 'मी स्वतः लॅपटॉपवर तपासलंय, बिनधास्त वापरा.' तू तपासलंस, पण इंग्रजी आकडे घालून. मीही तेच केलं होतं, म्हणून तुला बोल लावत नाही. पण माझं फोनवरचं, आणि तुझं लॅपटॉपवरचं. ते तुझंच ऐकतात. तेव्हा हे वाचून झाल्याबरोबर ग्रुपवर बोल. लिहू नकोस, तुझ्या आवाजात बोल, आणि आपल्या मालवणीत बोल. म्हण की माझं चुकलं, ते पान काढून टाका. मग अप्पांना वेगळा फोन कर, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय ठेवू नकोस. तुला सांगायचं नाही अशी ताकीद आहे, तरी सांगते. गेल्या पावसाळ्यापासून अप्पांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. होडी उलटली तर त्यांना पोहता यायचं नाही, दादा.

तुझीच,
अनुजा