मधले हुंकार

कालगुर्ली,
१४ जून २०२५

प्रिय दादा,

तुला आणि चित्रलेखावहिनीला नमस्कार, मिहिरला खूप प्रेम. सिडनीत पाऊस आहे असं वहिनी म्हणाली. इथे सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठलेलं असतं, दुपारी ऊन. हॉस्पिटलच्या शिफ्ट पुन्हा सुरू केल्या. ऋता शाळेत जाते. सासूबाई आमच्याकडेच आहेत. पर्थला नणंदेकडे चला म्हटलं, तर माझ्या आतेमचं घर सोडून जाणार नाही म्हणतात. त्याच्याबरोबर खाणीत काम करणारे लोक अजून शनिवारी बार्बेक्यूला बोलावतात. मी नाही म्हणते.

फोनवर तू दोनदा विचारलंस, तू साफ करून पाठवलेलं रेकॉर्डिंग कसं वाटलं. दोन्ही वेळा मी छान म्हणाले. त्यापुढे बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तू मेहनत घेतलीस हे ऐकताच कळलं. फ्रिजची घरघर गेली, शेजारचा कुत्रा गेला. सासूबाईंचा आवाज इतका स्वच्छ मी समोर बसूनही ऐकला नव्हता. खापरपणजोबांपासूनची नावं, नदी ओलांडताना कुणाच्या हातून काय सुटलं, छावणीत कोण मागे राहिलं, सगळं एका दमात. त्यांच्या घराण्याचं हे कुठेही लिहिलेलं नाही. दक्षिण सुदानहून निघताना त्या एवढंच घेऊन निघाल्या. ऋतासाठी ते राहावं म्हणून आतेमनेच त्यांना स्वयंपाकघरात बसवून बोलतं केलं होतं.

फक्त, त्या कधी एका दमात सांगत नाहीत.

त्यांच्या घरी सांगणारा प्रत्येक वाक्यानंतर थांबतो. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, मग पुढचं वाक्य. नाही दिला तर त्या गप्प बसतात. आई नाही का तुला म्हणायची, "हूं म्हण, नाहीतर गोष्ट बंद." तसंच. हुंकार देणारा आतेम होता. कधी तोंडात घास, कधी जांभई. एकदा मध्येच काहीतरी बोलला आणि दोघं हसत सुटले. मला मागाहून सांगितलं, "मी म्हटलं, मागच्या वेळी ही गाय पांढरी होती. आई म्हणाली, मागच्या वेळी तू शहाणा होतास."

तुला त्यांची भाषा येत नाही. मधला हुंकार तुला अडथळा वाटला असणार.

रविवारी सासूबाईंना तुझी फाइल लावून दिली. फेब्रुवारीत आतेम गेल्यापासून त्या पहिल्यांदाच माझ्याजवळ येऊन बसल्या. थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "मी हे कुणाला सांगते आहे?"

"ऋताला," मी म्हटलं.

"नाही. तो कुठे गेला?"

दादा, हे त्यांनी मला फेब्रुवारीतसुद्धा विचारलं नव्हतं.

मग त्या स्वतःच हुंकार द्यायला लागल्या, त्याच्या जागी. पण त्यांचंच पुढचं वाक्य त्यावर चढायचं. पुन्हा दिला, पुन्हा तेच. ऋता म्हणाली, "ग्रॅन, यू डोन्ट स्टॉप." तिने पॉज दाबून पाहिला, तर वाक्य अर्ध्यात तुटलं. त्या उठून खोलीत गेल्या. तेव्हापासून घरात कुणालाच काही सांगत नाहीत.

फाइल तुला पोचल्यावर मी माझ्या फोनमधून काढून टाकली होती. तुझ्याकडे मूळ आहे का? काम झालं की तू पसारा ठेवत नाहीस, हे मला माहीत आहे. तरी बघ. मिहिरला दिलेल्या जुन्या लॅपटॉपवरही बघ. नसेल तर लगेच नाही म्हण, मला आशेवर ठेवू नकोस. आतेमचे दुसरे व्हिडिओ पाठवू नकोस. त्यात तो इंग्रजी बोलतो, कॅमेऱ्याकडे बघून.

मूळ नसेल तर एवढं कर. प्रत्येक वाक्यानंतर जागा सोड. किती, ते मला सांगता येणार नाही. ती तू कापलीस, तुझ्या लक्षात असेल.

हे रागाने लिहिलेलं नाही. त्याचा एकेक हुंकार शेवटचा ऐकणारा तू आहेस. काही आठवत असेल तर मला लिही, फोन करू नकोस.

तुझीच,
ईशानी