दादाची रांग

प्रिय दादा,

पुलावरचे साहेब नाहीत, घरातला दादा. हे पत्र त्याला आहे. साहेबांच्या हाती पडलं तर त्यांनी कृपा करून त्याच्यापर्यंत पोचवावं.

माफी मागायला लिहीत नाहीये. आधीच सांगते, म्हणजे तू ती शोधत बसणार नाहीस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. माझं मशीन अजून तुमच्या गोदामात पडलंय, सोमवारी तुझ्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलंय, आणि घरात आईने माझ्याशी बोलणं टाकलंय. म्हणजे बोलते, पण मावशीकडे बघून. ‘काही मुलींना आपल्याच घरावर धोंडा पाडायची हौस असते,’ असं मावशीला सांगते आणि मी तिथेच समोर चहा गाळत असते. तुला ही पद्धत नवी नाही. पुलावर ती तुझ्याशी अशीच बोलायची.

तुझी सरहद्दीच्या पुलावरच्या कस्टममध्ये नेमणूक झाली तेव्हा सगळ्यात जास्त मावशी नाचली होती. पलीकडच्या बाजारात सगळं स्वस्त, पण इकडे आणताना माल दाखवा, कर भरा. आता आपलाच मुलगा तपासायला बसल्यावर कसला कर अन् कसलं काय! नियम तिनेच ठरवले. उभं राहायचं ते दादाच्याच रांगेत. ओळख दाखवायची नाही. तू वर न बघता विचारायचंस, ‘काही दाखवायचंय?’ आम्ही म्हणायचं, ‘नाही.’ तू म्हणायचंस, ‘पुढे.’ आईला तेवढ्याने भागायचं नाही. रांगेत उभ्याउभ्या ती मावशीला मोठ्याने ऐकवायची, ‘काही लोकांचे मुलगे बघ गं कसे वाळलेत, डबा तसाच परत नेत असतील मेले.’ तू शिक्के मारत राहायचास आणि तुझे कान लालेलाल व्हायचे. एकदा तू शिंकलास आणि मावशीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘शंभर वर्षं जग रे राजा!’ मग तिची अशी तंतरली की मागच्या अनोळखी माणसाकडे वळून तिने त्यालाही तोच आशीर्वाद दिला. तो बिचारा शिंकलाच नव्हता. घरी येऊन आम्ही पोट धरधरून हसलो. हसायला तूच तेवढा नव्हतास.

आणि मग तू कधीच नसायचास. कुणी बघेल, नातं जोडेल, म्हणून क्वार्टरमध्येच राहायचं. आज नको, सध्या वरून लक्ष आहे. या महिन्यात नको. सणासुदीला तर नकोच नको, तेव्हा सगळे घरी असतात. घरात पंखे आले, मिक्सर आला, बाबांचं दाढीचं मशीन आलं, शेजारणीच्या गाद्यासुद्धा आल्या. तू आला नाहीस. पंखा फिरायला लागला की आई वर बघून म्हणते, ‘माझ्या लेकाची कृपा.’ मी एकदा म्हटलं, लेकापेक्षा पंखा बरा, निदान घरात तरी असतो. बाबांनी वर्तमानपत्र आणखी उंच धरलं. आईने ताट आपटलं. खरं बोललं की आपल्याकडे भांडी वाजतात.

आता मशीनचं ऐक, कारण आईने तुला काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. मी बॅगा दुरुस्त करते. तुम्हा लोकांना ते ‘काहीतरी शिवणकाम’ वाटतं. चेन बदलणं, तळ बसवणं, उसवलेला पट्टा आतून धरून शिवणं. साधं मशीन बॅगेच्या पोटात शिरत नाही, त्याला लांब हात असलेलं वेगळं मशीन लागतं. ते आमच्या मालकाकडे आहे आणि म्हणून तो मालक आहे. पलीकडचा चपलांचा कारखाना बंद पडला, मशीनं विकायला काढली, त्यातलं एक मी घेतलं. जुनं आहे, हिरवा रंग उडालाय, पण चामड्याचे चार थर दिलेस तरी कण्हत नाही. गाळा बघून ठेवलाय. कर भरायचे पैसे वेगळे काढून ठेवले होते. आई म्हणाली, ‘वेडी आहेस का, दादा आहे ना!’ मी म्हटलं, आहे ना, म्हणूनच.

दुसऱ्या काउंटरला जाऊ शकले असते. तिथे कर भरला असता, पावती घेतली असती, कुणाला काही कळलंही नसतं. पण मी मुद्दाम तुझ्या रांगेत आले. तू परीक्षेला बसलास तेव्हा तुझी घोकंपट्टी कोण घ्यायचं? मीच ना? नात्यातलं माणूस समोर आलं तर अधिकाऱ्याने खुर्ची सोडायची आणि दुसऱ्याला बसवायचं. तू हे इतक्यांदा घोकलंस की मला झोपेतही पाठ होतं. मला वाटलं, हातगाडीवर एवढं मोठं धूड घेऊन मी समोर उभी राहीन, माल दाखवायचाय म्हणेन, आणि तुला उठावंच लागेल. एकदा का तू उठलास की संपलं. रांग संपली, मावशीचे नियम संपले, तू रविवारी जेवायला घरी.

तू उठला नाहीस. विचारलंस, ‘काही दाखवायचंय?’ मी म्हटलं, ‘हो.’ आणि तू म्हणालास, ‘पुढे.’ सवयच ती! मी पुन्हा म्हटलं, ‘साहेब, हो म्हणाले मी.’ तेव्हा कुठे वर बघितलंस. किती दिवसांनी बघितलंस रे. वजन खरंच उतरलंय तुझं, आई तेवढं एक खोटं बोलत नव्हती. मागची रांग कुरकुरायला लागली, एकजण म्हणाला, ताई, घरी करा की काय ती प्रदर्शनं. तू दातांतल्या दातांत म्हणालास, ‘जा ना गं.’ मी हातगाडीवरची चादर काढली. आणि तुझे मोठे साहेब चष्मा कपाळावर सरकवत आले.

त्यांनी माझं ओळखपत्र बघितलं. आडनाव वाचलं, पत्ता वाचला, मग तुझ्याकडे बघितलं. तुझ्या कागदांवर कायमचा पत्ता तोच असणार, हे मला तेव्हा सुचलं. त्यांनी तुला सरळ विचारलं, ‘या तुमच्या कोण?’ तू माझ्याकडे वळलास आणि मला म्हणालास, ‘बाई, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा.’ तुम्ही! माझ्या वेण्या ओढणारा तू, मला आंघोळीच्या बादलीत बसवून गल्लीभर फिरवणारा तू, मला बाई आणि तुम्ही! आणि मग साहेबांना म्हणालास, ‘ओळखत नाही मी यांना.’ मागे आई उभी होती, कुकरची पिशवी पोटाशी धरून. तिने तोंड पिशवीत घातलं. साहेब एवढंच म्हणाले, मशीन गोदामात ठेवा, बाईंनी सोमवारी यावं, तोवर आम्ही बघतो कोण कुणाचं.

तेव्हापासून घरात माझी उजळणी चालली आहे. मावशी मोठे साहेब होते, मी मी असते. ‘आडनावबंधू म्हण,’ ती सांगते. ‘चुलत चुलत म्हण. पूर्वी भाडेकरू होते म्हण.’ आई भिंतीला सांगते, पोराची नोकरी गेली तर काही लोकांच्या घशाखाली घास कसा उतरेल कोण जाणे. बाबांनी फक्त एकदा पेपर खाली घेतला आणि विचारलं, ‘तो खरंच तसं म्हणाला?’ मी मान हलवली. त्यांनी उठून पंखा बंद केला आणि घामाघूम होत तसेच बसून राहिले. आईने पुन्हा लावला नाही.

तर आता ऐक, कशासाठी लिहितेय. सोमवारी मला विचारतील, हे तुमचे कोण? मी सांगणार आहे, सख्खा भाऊ. मशीन जप्त झालं तरी सांगणार, आईने उंबऱ्यात आडवं पडून अडवलं तरी सांगणार. आडनावबंधू वगैरे माझ्याच्याने व्हायचं नाही. तुझी बदली होईल, बढती अडकेल, नोकरी जाईल, मला माहीत नाही, आणि मला भीती वाटत नाही असंही नाही. पण माझ्या तोंडून त्यांना कळलं तर तू पकडला गेलेला माणूस ठरशील. तू स्वतः जाऊन सांगितलंस तर निदान सांगितलेला माणूस ठरशील. आज शनिवार आहे. उद्याचा अख्खा दिवस मी तुझ्यासाठी मोकळा सोडतेय. साहेबांच्या घरी जा, बेल वाजव, आधी तू सांग. मी हे पत्र घेऊन तुझ्या क्वार्टरच्या फाटकाशी बसलेय, वॉचमनच्या बाकावर, गुडघ्यावर कागद ठेवून. तो मघापासून विचारतोय, साहेबांच्या कोण आपण? आत्तापर्यंत नुसती हसत होते. आता सही करते, घडी घालते आणि त्याला सांगते.

तुझीच,
सख्खी बहीण