ओढ्याशी थबकणारी मात्रा

प्रिय मिरियम,

"फिडल वाजवणारे गावोगाव मिळतील, व्हर्ना. काड्या धरणारं माणूस मिळत नाही." मी नऊ वर्षांची होते. मलाही फिडल शिकवा म्हणून रडत होते, तेव्हा बाबांनी हे म्हणून आईच्या विणायच्या दोन सुया माझ्या हातात दिल्या. तेव्हापासून ते गज ओढत आले आणि मी समोर उभी राहून, गज आणि त्यांची बोटं यांच्या मधल्या तारांवर त्याच सुयांच्या काड्यांनी ठेका धरत आले. पस्तीस वर्षं झाली. फिडल मी पुन्हा कधी मागितली नाही.

मग तू आलीस. दोरीनं दार बांधलेली ती गाडी, ते टेपरेकॉर्डरचं धूड, आणि कॉलेजात कुठल्याशा घासलेल्या तबकडीवर ऐकलेलं बाबांचं तरुणपणचं वाजवणं, आणि तेच शिकायचा हट्ट. बाबा आधी हसले. न्यूयॉर्कची पोरगी, दोन दिवसांत बोटांना फोड येतील आणि पळेल, म्हणाले. फोड आले. तू चिंध्या बांधून पुन्हा बसलीस. मी तुम्हा दोघांसाठी घेवडा शिजवत होते, मक्याची भाकरी भाजत होते.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तुला 'डेसीची कालवड' दिली. त्यांच्या आईची चाल. मी ओसरीवर तवा घासत होते. बाबा तुला सांगत होते, "इथं थांब, पोरी. ओढा आला की कालवड थबकते. तेवढी एक मात्रा जास्त धर." माझ्याशी ते इतक्या हळुवारपणे कधी बोलले नव्हते. तवा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी मी घासत राहिले.

ऑगस्टमधल्या फिडलच्या चढाओढीत तुझ्यासाठी काड्या मीच धराव्यात, असं त्यांनी ठरवलं. माझाच निळा झगा घालून तू उभी राहिलीस. 'कालवडी'ची पहिली दोन आवर्तनं सुंदर झाली. तिसऱ्या आवर्तनात ओढा आला, तू थबकलीस, आणि मी थबकले नाही. सुया सरळ पुढे नेल्या. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मग तुझा गज घसरला तो सावरलाच नाही. शहरातल्यांना आपल्या जादा मात्रेच्या वाकड्या चाली पेलत नाहीत, असं लोक म्हणाले. तेहतीस वर्षं ठेका धरणारीवर कोण संशय घेणार? परतताना तूच माझी माफी मागितलीस, घाई झाली म्हणालीस. मी "होतं असं" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. त्याला दोन वर्षं झाली.

फेब्रुवारीत बाबांना झटका आला. डावा हात गेला, बोटं तारेवर टेकत नाहीत. दिवसभर ती चाल गुणगुणतात, ओढ्यापर्यंत येतात आणि तिथंच थांबतात, पुढे जात नाहीत. तुझ्याकडे टेप असेल, मागवू का, असं विचारलं तर मान फिरवली. परवा त्यांची दाढी करताना मी सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "तेव्हाच ऐकलं होतं मी. झटका हाताला आलाय, कानाला नाही."

मग तिला का सांगितलं नाहीत, असं मी विचारलं.

"ती जाणारीच होती. काड्या धरणारी घरात राहायची होती."

ही दोन वर्षं मला हेवा वाटला तो तुझा. आणि त्यांनी चूक तुझ्या माथी येऊ दिली ती माझ्यासाठी. याचं सुख वाटावं ना? पण त्यांनी राखली ती मुलगी की काड्या धरणारी, हे विचारायचा धीर मला झाला नाही. आणि अजूनही, ते ओढ्याशी थांबतात तेव्हा त्यांची नजर दाराकडे जाते, माझ्याकडे नाही.

ती चाल आता फक्त तुझ्या हातात आहे. एकदा ये आणि त्यांच्या पलंगाशी बसून वाजव. काड्या मी धरीन, ओढ्याशी थांबेन. आणि त्यांचं ऐकून झालं की मलाही शिकव. तू नाही म्हणशील हे मला ठाऊक आहे. तुझ्या जागी मी असते तर हे पत्र इथवर वाचलंही नसतं. तरी ये.

तुझीच, म्हणू दिलंस तर,
व्हर्ना