पाणीटाकीचा चढ आणि चार कॅमशाफ्ट

लिहून ठेवणार मी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा चष्म्याच्या काचा घासून देणे (सध्या बंद), राहणार तळमजल्यावरच्या दोन खोल्या. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या भिडेला न पडता, पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. सोमवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काळजीचं काही नाही, पण कागदपत्रं करून ठेवलेली बरी." या वाक्यातला पहिला अर्धा भाग धरायचा की दुसरा, हे मला उमगलेलं नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. एका बाबतीत मात्र ते ठिकाणावर नाही. ती बाब मी त्यांना सांगितली नाही. ती कलम चारमध्ये येईल.

कलम एक. तळमजल्यावरच्या दोन्ही खोल्या माझ्या स्वकष्टार्जित आहेत. माझ्या पश्चात त्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळाव्यात. तिने लग्न करावं वा करू नये, खोल्यांचा त्याच्याशी संबंध नाही. न्हाणीघराचं दार पावसात फुगतं. ते तासून घेऊ नये, हवा कोरडी झाली की आपोआप बसतं.

कलम दोन. बँकेतल्या शिलकीतून दवाखान्याचं बिल भागवावं. उरेल ते भाचीला. कमी पडलं तर भावाने कपाळाला हात लावून बसू नये, भरावं.

कलम तीन. शिलाई मशीन आणि घरातली सगळी भांडी भावजयीला. पितळी डबे मात्र तिने आपल्या नवऱ्याच्या हाती लागू देऊ नयेत. माझा भाऊ बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करतो, आणि जे चकाकत नाही ते त्याला दुरुस्त झाल्यासारखं वाटतच नाही. माझ्या एका डब्यावर आईचं नाव कोरलेलं होतं, ते त्याने घासून घासून नाहीसं केलं आणि वर विचारलं, "कसा दिसतोय?" हा स्वभाव वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

कलम चार. मोटरसायकल.

दरवर्षी थंडी सुरू झाली की मी आणि भाऊ आपापल्या गाड्या घेऊन पाणीटाकीचा चढ चढतो. त्याची गाडी दमदार, माझी निम्म्या चढावर खोकायला लागते. मी पोहोचते तेव्हा तो टाकीजवळच्या बुटक्या भिंतीवर थर्मास उघडून बसलेला असतो आणि म्हणतो, "आलीस?" बस, एवढंच. दमलीस का नाही, चहा घेतेस का नाही. वर्षानुवर्षं मी तो एक शब्द गिळत आले.

म्हणून गेल्या वर्षी मी गाडीच्या कॅमशाफ्ट बदलायचं ठरवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. माझ्या इंजिनात असे दोन दांडे आहेत, त्यांच्यावर उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा झडप दाबतो, झडप उघडते आणि इंजिन श्वास घेतं. उंचवटे जरा जास्त उंच असले की श्वास मोठा होतो आणि गाडीला जोर येतो. आमच्या मागच्या गल्लीत एक टर्नर आहेत, ते असे उंच दांडे घासून देतात. त्यांच्याकडून मी एक जोडी करून घेतली आणि भावाला पत्ता लागू न देता पुढच्या खोलीत इंजिन उघडलं. पेट्रोलची टाकी पलंगावर ठेवली. हे दांडे फिरवणारी साखळी, म्हणजे टायमिंग चेन, आत पडली तर सगळंच मुसळ केरात, म्हणून ती तारेने हँडलला बांधली. जुन्या दोन कॅमशाफ्ट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या, नव्या दोन त्यांच्या शेजारी. स्केचपेनने जुन्यांवर 'जु' लिहिलं, नव्यांवर 'न', आणि पोट दाखवायला दवाखान्यात गेले.

परत आले तर भाऊ टेबलाशी बाह्या सरसावून उभा. वरच्या मजल्यावर राहतो, माझ्या घराची किल्ली त्याच्याकडे असते.

"ताई, बघ, तोंड दिसतंय यात," तो म्हणाला. चारही कॅमशाफ्ट आरशासारख्या लखलखत होत्या.

"त्यांच्यावर लिहिलेलं काय झालं?"

"लिहिलेलं? मला वाटलं डाग पडलेत."

काचांची जाडी मोजायचा माझा गेज घेऊन मी बसले. चारही समोर होत्या, म्हणून ताडून बघता आलं. उंच निघालेली जोडी बाजूला काढली, खुणा जुळवून बसवली, इंजिन हाताने दोनदा फिरवलं, कुठे अडलं नाही. उरलेली जोडी फडक्यात बांधून कपाटात टाकली. मोजत असताना भावजय शेजारी बसून तिच्या बहिणीच्या सासूची हकिकत सांगत होती आणि मी हं हं म्हणत होते, हेही इथे नोंदवून ठेवते.

त्या वर्षी मी पुढे होते. दुसऱ्या वळणानंतर आरशात तो दिसेनासा झाला. मी भिंतीवर त्याच्या जागी बसले, आशेने नेलेला थर्मास उघडला आणि तो आल्यावर म्हणाले, "आलास?" त्याने हेल्मेट काढलं आणि मान हलवली. तसा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

गेल्या आठवड्यात या मृत्युपत्रासाठी सामानाची मोजदाद करताना कपाटातलं फडकं सोडलं. एका कॅमशाफ्टच्या टोकाला ठोकलेली बारीकशी चांदणी दिसली. ती टर्नरची खूण. दुसरीवर नव्हती. मी तशीच त्यांच्याकडे गेले.

"प्रत्येक मालावर चांदणी ठोकता ना तुम्ही?"

"ठोकतोच की," ते म्हणाले. "म्हणजे, आठवली तर."

तर आता माझ्या इंजिनात काय आहे? कपाटातल्या दोन्ही नव्या असतील आणि टर्नर एकीवर चांदणी विसरले असतील, तर मी जुन्याच कॅमशाफ्टवर चढ चढले, आणि मग भाऊ मागे कसा राहिला? एक नवी, एक जुनी असेल, तर इंजिनातही एक नवी, एक जुनी, म्हणजे मी अर्धीच जिंकले. की मी बरोबर मोजलं होतं, नव्याच बसवल्या होत्या, आणि नंतर माझ्या जिवाच्या काळजीने भावाने गुपचूप उघडून एक बदलली? कपाटातली जोडी पुन्हा गेजला लावली. उंच आहे. पण कशापेक्षा? एकमेकींशी ताडून उपयोग नाही, हवा आत घेणारीचं आणि धूर सोडणारीचं माप मुळातच वेगळं, आणि दुसरी जोडी इंजिनात. गाडीचा आवाज बदलल्यासारखा वाटतो खरा, पण मनात असलं की आवाजही बदलतो.

भावाला विचारलं. तो एका ट्रम्पेटला पॉलिश करत होता.

"तू मुद्दाम मागे राहिलास का?"

"इंजिन उघडून बघ की."

"तुला माहीत आहे?"

"मला काय माहीत, माझं लक्ष रस्त्यावर होतं."

भावजय आतून म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी यांनी दोनदा वाढून घेतलं. हरलेला माणूस एवढं जेवतो होय?" जरा थांबून पुढे म्हणाली, "तसे हे जिंकल्यावरही जेवतात म्हणा."

काल मी पाना हातात घेतला. इंजिनाच्या झाकणाच्या पहिल्या बोल्टवर लावला, काढला, परत लावला. आत जुन्या निघाल्या तर माझा तो दिवस गेला. एक तरी नवी निघाली तर मी भावावर विनाकारण संशय घेतला. पाना जागेवर ठेवून दिला. खरं सांगायचं तर सोमवारपेक्षा मला या झाकणाची जास्त भीती वाटते.

मोटरसायकल आधी मी भाचीच्या नावे लिहिली होती. पण ती म्हणाली, "आत्या, मला दे, मी उघडून सांगते." सबब तिचं नाव खोडलं आहे, खाडाखोडीवर माझी सही आहे. गाडी भावाला मिळावी. चालवावी, तेल बदलावं, हवी तितकी चकाकवावी, पण इंजिन विनाकारण उघडू नये. उघडावंच लागलं तर आत काय निघालं ते कोणाला सांगू नये. माझ्या फोटोसमोर उभं राहून तर मुळीच नाही. चांदणीची कॅमशाफ्ट भाचीला, बिनचांदणीची भावाला.

कलम पाच. माझा गेज आणि काचा घासायची चाकं टर्नरना द्यावीत. त्यांच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

कलम सहा. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा आहे. सोमवारी काय व्हायचं ते होवो, आज ना उद्या मी त्याच्या आधी जाणार, आणि तसंच व्हावं अशी माझी इच्छा आहे. मला त्याच्याशिवाय राहता येणार नाही, हे त्याला तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिलं. माझ्यामागे त्याने दरवर्षी पाणीटाकीचा चढ चढावा, भाचीला सोबत न्यावं, भिंतीवर माझी जागा सोडून बसावं. आणि मी जिथे गेले असेन तिथे यायला त्याने भरपूर उशीर करावा. मुद्दाम करावा. मला कळलं तरी चालेल.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः वाचून पाहिलं, आणि ज्यांना यातून काही मोठं मिळणार आहे त्यांना साक्षीला बोलावलेलं नाही.

लिहून ठेवणार : (सही) ताई
साक्षीदार पहिल्या : (सही) डॉक्टरीणबाई. कलम चार त्यांनी दोनदा वाचलं. दाखला कायम ठेवला.
साक्षीदार दुसरे : (सही) टर्नर. सहीपुढे चांदणी काढली आहे.
स्थळ : जेवणाचं टेबल, तळमजला
दिनांक : ९ ऑक्टोबर, गुरुवार